चुकीचें कूळ

ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ शोधूं नये, अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. ऋषि आणि नदी यांना ती लागू पडत असेल. परंतु संगणकाच्या प्रोग्रामांत उद्भवणाऱ्या चुकीला ती मुळींच लागू पडत नाहीं. तेथें चुकीचें कूळ विचारल्यावांचून तिची योग्य वासलात लावतां येत नाहीं, आणि ज्यांनीं तें विचारण्याचा आळस केला त्यांच्या आळसाची किंमत बहुधा दुसऱ्यांनाच मोजावी लागली आहे.

हा विषय केवळ त्या व्यवसायांतील मंडळींचा आहे असें वाटण्याचा संभव आहे. ठाण्याच्या वागळे इस्टेटींत किंवा पुण्याच्या हिंजवडींत कामास जाणारा मुलगा किंवा सून ज्यांच्या घरांत आहे, त्यांच्या कानांवर त्यांतले शब्द येत असतील. इतरांनीं त्यांत कां पडावें? पण अनुभव आपण सर्वांनींच घेतला आहे. विजेचें बिल भरावें, रेल्वेचें तिकीट काढावें, किंवा वाण्याचे पैसे फोनवरून पाठवावे, आणि ऐन वेळीं पडद्यावर अक्षरें उमटावीं कीं, कांहीं तरी चुकलें आहे, थोड्या वेळानें पुन्हा प्रयत्न करा. काय चुकलें? पैसे गेले कीं राहिले? पुन्हा प्रयत्न केला तर ते दोनदां तर जाणार नाहींत ना? या प्रश्नांचें उत्तर त्या वाक्यांत नसतें. पुष्कळदां तें वाक्य दाखविणाऱ्या प्रोग्रामालाहि तें ठाऊक नसतें. कारण चूक त्याच्या हातीं येईपर्यंत तिचें नांव, गांव, गोत्र सर्व कांहीं गळून पडलेलें असतें. तें कसें गळतें, आणि गळूं नये म्हणून काय योजना केलेली आहे, हें आज सांगण्याचा विचार आहे.

प्रोग्राम म्हणजे एकच एक लांबलचक हुकूम नव्हे. तो अनेक लहान लहान कामांचा समूह असतो, आणि त्यांतील एक काम दुसऱ्यास सांगतें, दुसरें तिसऱ्यास. पैसे पाठविण्याचें काम खातें तपासण्याच्या कामाला हांक मारतें. तें काम नोंद वाचण्याच्या कामाला. आणि नोंद वाचणारें काम शेवटीं दूरच्या एखाद्या यंत्राकडे निरोप धाडतें. आतां चूक घडते ती बहुधा सर्वांत खालच्या पायरीवर: यंत्राकडून उत्तरच आलें नाहीं, किंवा नोंद सांपडली नाहीं. तेथें चूक दिसते, परंतु तिच्यावर इलाज काय हें ठरविण्याचा अधिकार तेथें नसतो. अधिकार असतो वरच्या पायरीवर, आणि तेथून चूक दिसत नाहीं. या विषयांतली सगळी अडचण एवढीच आहे: पाहणारा एक, ठरविणारा दुसरा.

टपालखात्याच्या उदाहरणानें हें सोपें होईल. ठाण्यांत टेंभी नाक्यावर राहणाऱ्या कोणा गृहस्थाच्या नांवचें पत्र घेऊन पोस्टमन निघाला आहे अशी कल्पना करूं. दाराला कुलूप आहे. किंवा घरांत दुसरेंच बिऱ्हाड आहे, आणि पूर्वींचे लोक नवा पत्ता न ठेवतां निघून गेले आहेत. किंवा लिफाफ्यावर नुसतें ‘टेंभी नाका, ठाणें’ एवढेंच लिहिलें आहे, आणि त्या गजबजलेल्या भागांत तेवढ्यावरून घर शोधणें अशक्य आहे. किंवा घरचे लोक पत्र घेण्यासच नकार देतात. पोस्टमन अशा प्रत्येक प्रसंगीं लिफाफ्यावर शेरा मारतो आणि पत्र कचेरींत परत आणतो. पुढें काय करावयाचें तें तो ठरवीत नाहीं. तें ठरविणारे वर बसलेले असतात. आणि त्यांनाहि कांहीं सुचलें नाहीं तर शेवटचा मुक्काम म्हणून एक खास कचेरी असे. तिला आधीं डेड लेटर ऑफिस म्हणत, पुढें रिटर्न्ड लेटर ऑफिस म्हणूं लागले. पाठविणाऱ्याचा पत्ता शोधण्यासाठीं लिफाफा उघडण्याची मुभा त्या कचेरीला असे.

संगणकाच्या जुन्या रीतींत पोस्टमनच्या शेऱ्याच्या जागीं नुसता आंकडा असे. खालचें काम वरच्या कामाला एक क्रमांक परत देई. १९६९ सालीं अमेरिकेंत बेल प्रयोगशाळेंत जन्मलेल्या युनिक्स नांवाच्या व्यवस्थेंत क्रमांक २ म्हणजे अशी फाइलच नाहीं, आणि क्रमांक १३ म्हणजे फाइल आहे पण उघडण्याची परवानगी नाहीं. त्या व्यवस्थेच्या वंशजांत हे आंकडे आजहि तेच आहेत. रीत काटकसरीची खरी. पण तींत दोन दोष आहेत. वरच्या कामानें प्रत्येक वेळीं आठवणीनें विचारलें पाहिजे कीं, बाबा रे, कोणता आंकडा आणलास? एकदां विचारावयाचें राहिलें कीं चूक तेथेंच गडप होते, आणि प्रोग्राम जणूं कांहीं घडलेंच नाहीं अशा थाटांत पुढें चालूं लागतो. दुसरा दोष असा कीं, आंकड्याला आईबाप नसतात. २ आणि १३ यांचें कांहीं नातें आहे हें त्यांच्या तोंडाकडे पाहून कळत नाहीं. तें पाठ करावें लागतें.

पहिल्या दोषावर उपाय निघाला तो असा. चूक सांपडतांच खालच्या कामानें जागच्या जागीं थांबावें आणि चुकीची चिठ्ठी वर फेकावी. लगतच्या पायरीनें ती झेलली तर तेथें तिचा निकाल लागला. न झेलली तर ती आपोआप तिच्याहि वर जाते, आणि झेलणारा भेटेपर्यंत चढत राहते. मधल्या पायऱ्यांना कसलीहि आठवण ठेवावी लागत नाहीं. कोणीच झेलली नाहीं तर सबंध प्रोग्राम थांबतो. आणि घरगुती हिशोबाच्या प्रोग्रामाचें तरी तसें थांबणेंच बरें, कारण मुकाट्यानें चुकीच्या बेरजा करीत राहण्यापेक्षां तें परवडतें. या चिठ्ठीला त्या शास्त्रांत जें नांव आहे त्याचा सरळ मराठी अर्थ ‘अपवाद’ असा आहे. आय. बी. एम. कंपनीच्या पीएल-वन या भाषेंत १९६० नंतरच्या दशकांत या कल्पनेचा आरंभ दिसतो, आणि जॉन गुडइनफ या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या १९७५ सालच्या निबंधांत तिची पद्धतशीर मांडणी झाली.

दुसऱ्या दोषावरचा उपाय निराळ्याच दिशेनें आला. नॉर्वे देशांत ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर या दोघांनीं सिम्युला नांवाची भाषा रचली होती. तिच्या १९६७ च्या आवृत्तींत वर्ग आणि वारसा या दोन कल्पना आल्या. वर्ग म्हणजे एका जातीच्या वस्तूंचा सांचा. एका वर्गापासून दुसरा वर्ग उत्पन्न करतां येतो. त्याला पहिल्याचे सर्व गुण वारशानें मिळतात, आणि शिवाय स्वतःचे कांहीं अधिक असतात. मुख्य गोष्ट अशी कीं, जेथें जेथें बापाला प्रवेश आहे तेथें तेथें मुलालाहि आहे. वाहनांना वाट द्यावी असा नियम केला कीं बैलगाडीहि आली आणि मोटारहि आली. १९९० च्या सुमारास अँड्र्यू कोएनिग आणि ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनीं सी-प्लस-प्लस या भाषेसाठीं जी योजना आंखली, तींत हे दोन प्रवाह एकत्र आले. फेकलेली चिठ्ठी ही स्वतःच एक वस्तु. तिला वर्ग आहे. आणि म्हणून तिला कूळहि आहे. जावा, पायथन इत्यादि भाषा याच वाटेनें गेल्या.

येथें एक घोटाळा होण्याचा संभव आहे, तो आधींच दूर करूं. चिठ्ठी ज्या शिडीनें वर चढते ती कामांची शिडी: पोस्टमन, त्याच्यावरचा अधिकारी, पोस्टमास्तर. चिठ्ठीचें कूळ ही वेगळी शिडी आहे: कुलूप ही एक प्रकारची अडचण, ती अडचण हा एक प्रकारचा अपवाद. पहिली शिडी चिठ्ठी कोणाकोणाच्या हातांखालून जाईल तें ठरविते; दुसरी, त्यांपैकीं कोणाचा हात पुढें होईल तें ठरविते. शिकणाऱ्यांची गोंधळण्याची जागा बहुधा हीच असते.

आतां कुळाचा उपयोग पाहूं. कचेरींतल्या अधिकाऱ्याला जर प्रत्येक शेऱ्यासाठीं स्वतंत्र हुकूम लिहून ठेवावा लागला, तर नवा शेरा निघाला कीं त्याची हुकुमांची वही बदलावी लागेल. परंतु त्यानें दोन घराणीं केलीं: एक ‘पुन्हा जावें’ असें, आणि दुसरें ‘परत पाठवावें’ असें. दाराचें कुलूप पहिल्या घराण्यांतलें. नकार आणि अपुरा पत्ता हीं दुसऱ्या घराण्यांतलीं. नवरात्रांत टेंभी नाक्याच्या देवीच्या दर्शनाला इतकी गर्दी लोटते कीं, त्या भागांतली वाहतूक दुसऱ्या रस्त्यांनीं वळवावी लागते. समजा, त्या दिवसांपुरता ‘गर्दीमुळें रस्ता बंद’ असा एक नवा शेरा निघाला. तो ‘पुन्हा जावें’ या घराण्यांत जन्माला घातला कीं काम झालें. वरच्या अधिकाऱ्यानें त्याचें नांवहि कधीं ऐकलेलें नसेल; तरी त्याचा जुना हुकूम त्याला जसाच्या तसा लागू पडतो. आणि एखाद्या अधिकाऱ्याला गर्दीच्या पत्रांसाठीं विशेष कांहीं करावयाचें असेल, पहांटेची फेरी पाठवावयाची असेल, तर त्या एका मुलापुरता वेगळा हुकूम लिहिण्यास तो मोकळा आहेच. किती जवळून ओळखावयाचें हें ओळखणाऱ्याच्या गरजेवर सोंपविलें गेलें, हा या योजनेंतला खरा लाभ आहे.

पायथन भाषेच्या ३.३ या आवृत्तींत, २०१२ सालीं, युनिक्सच्या त्या जुन्या अनाथ आंकड्यांनाच अशीं कुळें देण्यांत आलीं. क्रमांक २ हा ‘फाइल सांपडली नाहीं’ या नांवाचा मुलगा झाला, क्रमांक १३ ‘परवानगी नाहीं’ या नांवाचा, आणि दोघेहि यंत्रव्यवस्थेच्या चुकांच्या एका बापाखालीं आले. तोंवर मुलें ओळखण्यासाठीं चुकीच्या खिशांतला आंकडा काढून वाचावा लागे.

परंतु घराणें कशावरून करावें? माझ्या मतें या प्रश्नाकडे जितकें लक्ष दिलें जावें तितकें दिलें जात नाहीं. चूक कोठें घडली यावरून घराणीं करण्याची खोड फार आहे: अमक्या खात्याच्या चुका, तमक्या खात्याच्या चुका. झेलणाऱ्याला त्याचा कांहीं उपयोग नसतो. त्याला एवढेंच हवें असतें कीं, मी आतां काय करूं? टपालखात्यानें हें चांगलें ओळखलें होतें. पिनकोडची पद्धति १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले महाराष्ट्रीय गृहस्थ, टपालखात्यांतले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे पंडित. सहा आंकड्यांच्या त्या संख्येंत पहिला आंकडा विभागाचा, पुढचे त्याच्या पोटांतले, आणि शेवटचे तीन पत्र वांटणाऱ्या पोस्टाचे. टेंभी नाक्याचा क्रमांक ४००६०१. तो मुंबईच्या ४०० या कुळांतला. कल्याण ४२१३०१ आणि डोंबिवली पूर्व ४२१२०१. ही गांवें ठाणें जिल्ह्यांतलींच, पण पिनकोडांत तीं दुसऱ्याच आंकड्याला ठाण्यापासून फुटतात. नकाशा पाहणाराला हें विचित्र वाटेल. पण पिनकोड नकाशा पाहणारासाठीं केलेलाच नाहीं. तो पत्रांची विभागणी करणारासाठीं आहे. चुकांचीं कुळेंहि अशींच कामकऱ्यासाठीं करावीं.

कूळ केलें तरी एक फसगत राहते, आणि ती समजावून देण्यासाठीं मला दोन हजार वर्षांहून जुन्या एका भोजनाच्या पंक्तीचा आधार घ्यावासा वाटतो. महाभाष्यकार पतंजलीच्या त्या दृष्टान्ताला तक्रकौंडिण्यन्याय म्हणतात. यजमानानें वाढप्याला दोन आज्ञा दिल्या: ब्राह्मणांना दहीं द्यावें, आणि कौंडिण्याला ताक द्यावें. कौंडिण्य हाहि ब्राह्मणच आहे. मग त्याला दहीं मिळावें कीं ताक, कीं दोन्ही? वैयाकरणांचें उत्तर असें कीं, त्याला ताकच मिळावें. सामान्य नियम, ज्याला ते उत्सर्ग म्हणतात, तो त्याच्या पोटांतल्या विशेष नियमापुढें मागें सरतो. विशेष नियमाला ते अपवाद म्हणतात. शब्द तोच, आपल्या चिठ्ठीचा. अशा नियमांच्या बलाबलाची चर्चा नागेशभट्ट या अठराव्या शतकांतील पंडितानें ‘परिभाषेंदुशेखर’ या ग्रंथांत बारकाईनें केली आहे. नागेशभट्ट काळे आडनांवाचे महाराष्ट्रीय, काशींत राहून त्यांनीं कीर्ति मिळविली. आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकविणारे जर्मन पंडित फ्रान्झ कीलहॉर्न यांनीं १८६८ ते १८७४ या काळांत तो ग्रंथ इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला. संस्कृत ही संगणकाला सर्वांत योग्य भाषा आहे अशी जी एक वावडी मधून मधून उडत असते, तिला दोरा देण्याचा माझा हेतु नाहीं. मला दाखवावयाचा आहे तो दोन्ही शास्त्रांतला फरक.

पाणिनीच्या व्याकरणांत दोन तुल्यबळ नियमांचा विरोध आला तर पुढचा नियम बलवत्तर ठरतो. परंतु अपवाद मात्र आधीं असो वा मागून असो, तो जिंकतोच. त्याचें बळ जागेवर अवलंबून नाहीं. संगणकाचा वाढपी इतका शहाणा नाहीं. तो यजमानाची यादी वरून खालीं वाचतो आणि पहिली जुळणारी आज्ञा भेटली कीं तेथेंच थांबतो. यादींत ‘ब्राह्मणांना दहीं’ ही ओळ वर असली तर कौंडिण्याच्या पानावर दहींच पडणार. खालची ताकाची ओळ शाईनें लिहिलेली असून नसल्यासारखी. म्हणून झेलणाऱ्यांची यादी करतांना विशेष वर आणि सामान्य खालीं, मुलगा आधीं आणि बाप मागून, असाच क्रम ठेवावा लागतो. पत्रांची विभागणी सामान्याकडून विशेषाकडे जाते, विभाग, जिल्हा, पोस्ट अशी. चुका झेलण्याचा क्रम नेमका उलटा असतो.

क्रम चुकला तर निरनिराळ्या भाषा निरनिराळ्या वागतात. जावामध्यें प्रोग्राम चालण्यापूर्वीं तो तपासणारा जो कंपायलर असतो, तो असा प्रोग्राम स्वीकारीतच नाहीं. ही ओळ कधीं वाचलीच जाणार नाहीं, असें तो स्पष्ट सांगतो. पायथन कांहीं बोलत नाहीं. कौंडिण्य आजारी पडेपर्यंत कोणाला पत्ताहि लागत नाहीं. सी-प्लस-प्लसमध्यें याखेरीज आणखी एक खोडी आहे. तेथें चिठ्ठी मूळ स्वरूपांत न घेतां बापाच्या सांच्याची नक्कल म्हणून झेलली, तर मुलाचे अधिकचे गुण कापले जातात. कौंडिण्य आंत शिरतो आणि गोत्र पुसलेला कोणी एक ब्राह्मण बाहेर येतो. म्हणून त्या भाषेंतले जाणते लोक नक्कल घेत नाहींत, मूळ वस्तूचा नुसता निर्देश घेतात.

सर्वांत वाईट झेलणारा मात्र निराळाच आहे. तो कुळाच्या मूळपुरुषाचें नांव घेऊन उभा राहतो, म्हणजे येईल ती चूक झेलतो, आणि झेलून गप्प बसतो. असा झेलणारा लिहिणें अगदीं सोपें असतें, आणि लिहितांना सुरक्षित वाटतें: आतां प्रोग्राम कधीं कोसळणार नाहीं! तो कोसळत नाहीं हें खरें. तो खोटें बोलूं लागतो. न पोहोंचलेलीं सगळीं पत्रें एका पेटींत टाकून ‘वांटप पूर्ण’ असा शिक्का मारणाऱ्या कारकुनासारखें तें आहे. आरंभीं सांगितलेलें ‘कांहीं तरी चुकलें आहे’ हें वाक्य त्याच जातीच्या झेलणाऱ्याच्या तोंडचें. फरक इतकाच कीं, तो निदान कबुली देतो.

पायथनच्या कर्त्यांना या संवयीपायीं आपलें कूळच बदलावें लागलें. चालूं असलेला प्रोग्राम थांबवावा म्हणून माणसानें कळफलकावर खूण केली कीं त्या भाषेंत तीहि एक चिठ्ठी म्हणूनच फेकली जाते. पूर्वीं ही चिठ्ठी इतर सर्व अपवादांच्या बापाचीच संतति होती. परिणाम असा होई कीं, सर्व कांहीं झेलणारे जे प्रोग्राम होते ते माणसाची थांबण्याची आज्ञाहि झेलीत आणि पुढें चालूं लागत. २००६ सालच्या २.५ या आवृत्तींत त्या बापाच्याहि वर एक आजोबा बसविण्यांत आला, आणि थांबण्याची आज्ञा बापाच्या हातून काढून थेट आजोबाच्या पदरांत घालण्यांत आली. कुळांतली एक रेघ हलविली, आणि बापाच्या नांवानें उभे असलेले असंख्य झेलणारे, स्वतः एक अक्षर न बदलतां, सुधारले.

सामान्य नियमानें विशेष चुकीचा निकाल लावला तर काय होतें याचें एक महागडें उदाहरण ४ जून १९९६ चें आहे. दक्षिण अमेरिकेंतील फ्रेंच गियानामधून युरोपीय राष्ट्रांचें एरियन-५ हें नवें अग्निबाण-यान प्रथमच उडालें. त्याची दिशा आणि गति मोजणाऱ्या यंत्रांतला प्रोग्राम एरियन-४ या जुन्या यानावरून जसाचा तसा घेतला होता. त्यांत आडव्या वेगाशीं संबंध असलेली एक मोठी संख्या सोळा द्विमान अंकांच्या लहान कप्प्यांत भरण्याचा प्रसंग येई. त्या कप्प्यांत ३२७६७ पेक्षां मोठी संख्या मावत नाहीं. जुन्या यानाचा वेग तेवढा जात नसे, नव्याचा गेला. अशा सात संख्यांपैकीं चारांना संरक्षण दिलेलें होतें, ही संख्या उरलेल्या तिघांतली. चिठ्ठी फेकली गेली. तिच्यासाठीं खास झेलणारा नव्हता. होता तो एक सर्वसाधारण नियम, आणि त्याच्या मुळाशीं समजूत अशी कीं, चूक म्हणजे यंत्राचा कुठला तरी भाग बिघडणें, तेव्हां हें यंत्र बंद करावें आणि जोडीच्या राखीव यंत्रावर काम सोंपवावें. परंतु राखीव यंत्रांत तोच प्रोग्राम होता, आणि तें क्षणापूर्वीं त्याच कारणानें बंद पडलें होतें. बंद पडतांना यंत्रानें बिघाडाचें जें टिपण पाठविलें, तें मुख्य संगणकानें उड्डाणाची माहिती म्हणून वाचलें आणि यानाला नसलेली चूक दुरुस्त करण्यासाठीं जोरानें वळविलें. इंजिन पेटल्यापासून सुमारें चाळीस सेकंदांत यान तुटून नष्ट झालें, आणि त्यावरचे क्लस्टर नांवाचे चार वैज्ञानिक उपग्रह त्याबरोबर गेले. ज्या आंकडेमोडींत ही चूक झाली तिची उड्डाणानंतर मुळीं गरजच नव्हती, असें पुढें चौकशींत निष्पन्न झालें. हा प्रोग्राम ज्या एडा भाषेंत होता तिच्या त्या वेळच्या रूपांत अपवादांना नांवें होतीं पण कुळें नव्हतीं, हें येथें सांगितलें पाहिजे. तरी भाग बिघडणें आणि संख्या न मावणें या दोन घराण्यांचा भेद कोणीं कागदावर जरी केला असता, तरी यंत्र बंद करण्याचा हुकूम दुसऱ्या घराण्याला लागू करण्यापूर्वीं त्याची लेखणी थबकली असती.

पुन्हा आपल्या पैशांकडे येऊं. ‘पुन्हा जावें’ आणि ‘परत पाठवावें’ ही पोस्टाची वांटणी संगणकावरील टपालानेंहि उचललेली आहे. १९८२ सालीं ठरलेल्या ई-मेलच्या नियमांत, पत्र घेणारें यंत्र तीन आंकडी उत्तर देतें. पहिला आंकडा ४ असेल तर अडचण तात्पुरती, पुन्हा पाठवून पहा. ५ असेल तर कायमची, पाठविणाऱ्याला कळवा. त्या एका आंकड्यांत कूळ आलें. परंतु पैशांच्या बाबतींत एक तिसरें घराणें असतें, आणि तें सर्वांत अवघड. निरोप पाठविला, उत्तर आलें नाहीं. निरोप वाटेंत हरवला कीं काम होऊन उत्तर हरवलें, हें पाठविणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो. मनिऑर्डरच्या दिवसांत घरोघर हा प्रसंग येई: पैसे पाठविले, सहीची पोहोंच परत आली नाहीं, आतां दुसरी मनिऑर्डर करावी काय? शहाणा माणूस आधीं पत्र लिहून विचारी. ही चूक ‘पुन्हा जावें’ या घराण्यांत घातली तर पैसे दोनदां जातात. ‘परत पाठवावें’ यांत घातली तर गेलेले पैसे गेले नाहींत असें सांगितलें जातें. तिला स्वतःचेंच घराणें पाहिजे, आणि त्याचा हुकूम असा: पहिल्याच क्रमांकानें चौकशी करा. प्रत्येक व्यवहाराला आरंभींच एक क्रमांक देऊन ठेवला, आणि त्याच क्रमांकाचा निरोप दुसऱ्यांदा आला असतां पलीकडच्या यंत्रानें पहिलेंच उत्तर पुन्हा दिलें, तर विचारणें निर्धोक होतें. ‘व्यवहार प्रलंबित आहे, दुसऱ्यांदा पैसे पाठवूं नयेत’ असें जो पडदा सांगतो, त्याच्या मागें कोणी तरी हें तिसरें घराणें केलेलें असतें.

राहतां राहिली एक लहानशी गोष्ट. मधल्या पायरीवरच्या कामाला पुष्कळदां खालची चिठ्ठी जशीच्या तशी वर पाठवितां येत नाहीं. बँकेच्या खिडकीवरच्या माणसाला ‘क्रमांक १३’ असें सांगून काय उपयोग? त्याला ‘खातें वाचतां आलें नाहीं’ असें सांगितलें पाहिजे. म्हणून मधलें काम ती चिठ्ठी झेलतें आणि आपल्या भाषेंत नवी चिठ्ठी फेकतें. जुनी चिठ्ठी तेव्हां फाडून टाकली जाई, आणि रात्रीं बिघाड शोधणाऱ्या माणसाच्या हातीं वरचें गोड वाक्य तेवढें राही. जावानें २००२ सालच्या १.४ या आवृत्तींत आणि पायथननें २००८ च्या ३.० मध्यें नव्या लिफाफ्यांत जुना लिफाफा घालून पाठविण्याची सोय केली. आतां पायथनचा प्रोग्राम अशा प्रसंगीं कोसळला कीं आधीं आंतल्या लिफाफ्यांतली मूळ चूक छापली जाते, मग वरची चूक खालची प्रत्यक्ष कारण होती अशा अर्थाची एक ओळ येते, आणि तिच्याखालीं नवी चूक. वाचणारा अनुभवी असला तर तो सर्वांत खालची ओळ पाहून मग वर जातो, आणि पहिल्या लिफाफ्यावरचा पोस्टमनचा शेरा सांपडेपर्यंत थांबत नाहीं.